काठीबाई आणि तिवराची काठी

परवा आमच्या बॅचच्या ग्रुपवर संदेशने विचारलं, "काठीबाईंचा फोटो आहे का रे कुणाकडे?" आणि ग्रुप एकदम गप्प. एरवी आमच्यात कुणी शिंकलं तरी मेसेजचा पाऊस पडतो. सगळ्यांनी आपापले फोन उपसले. बोर्डीच्या सहलीचे फोटो निघाले, गॅदरिंगचे निघाले, डहाणूच्या बाजारात बर्फाचा गोळा खाताना तोंडं लाललाल झालेले निघाले. त्या प्रत्येक वेळी बाई आमच्याबरोबर होत्या. आणि एकाही फोटोत नाहीत. एका फोटोत त्यांची काळी छत्री आहे. उघडी, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. खाली कुणी नाही.

म्हणून मी टाईप करायला बसलेय. फोटो नाही तर नाही, जेवढं आठवतंय तेवढं भराभर लिहून टाकते.

आधी शाळा सांगते, नाहीतर काही कळणार नाही. आमची शाळा तलासरीच्या पुढे, डोंगराच्या आडोशाला. खाली रस्त्यावर पाटी आहे तिच्यावर 'रोपवाटिका' लिहिलंय. एसटीचे कंडक्टर "रोपवाटिका ना?" म्हणून तिकीट फाडतात आणि आमच्या डोळ्यांत बघत नाहीत, कारण तिथे मुलं जादू शिकतात हे आसपास सगळ्यांना माहितेय. आग शिकवणारे सर होते, पाखरांची बोली शिकवणारे होते, आणि पहिल्या वर्षाला सक्तीचा एक विषय होता, 'काठ्यांचा इतिहास आणि रीतभात'. तो काठीबाईंकडे. त्यांचं खरं नाव नर्मदा, पण ते फक्त मस्टरवर.

दिसायला छोट्याशा, काटक. आखूड नेसलेलं लुगडं, केसांत अबोलीची वेणी, अंगाला सुक्या बोंबलांचा वास. मूळच्या चिंचणीच्या, कोळीवाड्यातल्या. आवाज मासळीबाजारातला, असा की मागच्या बाकावरचा झोपलेला पोरगा सरळ उभाच राहायचा.

आम्हाला वाटलं होतं पहिल्याच दिवशी हातात जादूची काठी मिळणार. बाईंनी वर्षभर काठीला हात लावू दिला नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे त्यांच्याकडे स्वतःची काठीच नव्हती! काठ्यांच्या बाई आणि काठी नाही. आग शिकवणाऱ्या सरांची काठी खैराची होती, ती खिशातून अशी ऐटीत बाहेर काढायचे. बाईंच्या कमरेला फक्त किल्ल्यांचा जुडगा. संदेश म्हणायचा, त्यांनी स्वतःची काठी गिळलीय, म्हणून इतक्या ताठ चालतात.

त्यांची एक सवय होती. कुठल्याही वस्तूचं टोक माणसाकडे राहू द्यायचं नाही. पेन ठेवलं की टोक भिंतीकडे. चमचा, छत्री, कात्री, सगळं भिंतीकडे. एकदा डहाणूहून येताना कंडक्टरने पेन्सिल कानामागे खोचली होती, तिचं टोक ड्रायव्हरकडे. बाई बसमध्ये उभ्या राहिल्या.

"ओ भाऊ, ती पेन्सिल फिरवा."

"का हो मावशी?"

"तुम्हाला घरी जायचंय ना धड? मग फिरवा."

कंडक्टर हसला, पण त्याने फिरवली. बस रोपवाटिकेला थांबेपर्यंत त्याचा हात दर दोन मिनिटांनी कानाकडे जात होता, पेन्सिल फिरली तर नाही ना बघायला.

वर्गात कोपऱ्यात एक मोठी टोपली होती. तिच्यात भात भरलेलं, न सडलेलं, तुसासकट, आणि त्या भातात काठ्या उभ्या खोचलेल्या. ज्यांचे मालक वारले त्या काठ्या. गावोगावची माणसं फडक्यात गुंडाळून आणून द्यायची, दारातूनच द्यायची, आत यायची नाहीत. आमचा अभ्यास म्हणजे ती टोपली. बाई एकेक काठी दाखवायच्या आणि तिचा इतिहास सांगायच्या. सनावळी नाही, लढाया नाहीत. ही कुणाच्या हातात होती, तिने काय काय केलं, चांगलं आणि वाईट.

"मालक गेला तरी काठी उभीच राहते गो," त्या म्हणायच्या. "तिला हात पाहिजे असतो. तिचं सगळं सांगून टाकलं की आडवी होते, बाकी कशाने नाही."

आणि खरंच व्हायची. बाईंचं बोलणं संपलं की काठी हळूच कलायची आणि भातावर आडवी पडायची, दमून आलेलं माणूस चटईवर पडतं तशी. मग पुढच्या मोठ्या ओहोटीला बाई ती नेऊन समुद्राला द्यायच्या. पण सांगणं पूर्ण पाहिजे. एक गोष्ट जरी लपवली तरी काठी उभी ती उभीच.

मध्येमध्ये हसवायच्या पण खूप. मी विचारलं होतं, "बाई, आमच्याकडे डहाणूला एवढे चिकू, मग चिकूची काठी का नाही?" तर म्हणाल्या, "चिकूची काठी? ती गोड गोड बोलते आणि कामाच्या वेळी झोपते. तुझ्या बाजूला बसलाय ना, त्याच्यासारखी." संदेश खरंच झोपला होता.

या संदेशची तोंडी परीक्षा मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याला सागाची एक काठी आली, सायवनकडच्या एका म्हाताऱ्याची. संदेशने काय रंगवलं! म्हाताऱ्याने वाघ परतवला, पूर अडवला, आजारी पोरं बरी केली. वर्ग टाळ्या वाजवायला लागला. काठी मात्र जराही हलली नाही. संदेशने पुढे बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच येईना. ओठ हलतायत, गळ्याच्या शिरा फुगल्यात, आवाज नाही. आम्ही हसत होतो ते थांबलो. टोपलीतल्या बाकीच्या उभ्या काठ्या सगळ्या त्याच्याकडे कलल्या होत्या.

बाई उठून त्याच्या शेजारी गेल्या आणि त्या काठीला म्हणाल्या, "आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्या चोरायचा. पंख न फडफडता कोंबडी हातात यायची, ती तुझ्यामुळे. म्हातारीला सांगायचा की पाव्हण्यांनी दिली."

काठी आडवी पडली. संदेशचा आवाज एकदम फुटला, तो "आई गं!" असा. बाईंनी त्याला पाणी दिलं. "पूर अडवलेला सगळ्यांना आठवतो रे. कोंबडी विसरायची नाही."

आता हेमाचं सांगते, कारण बाईंचं सगळं तिथेच येऊन थांबतं.

हेमा माझ्या दुसऱ्या बाजूला बसायची. तीही चिंचणीची, बापाची होडी, आई बोंबील सुकवते. ती शाळेत आली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तिची आजी गेली आणि आजीची काठी टोपलीत आली. तिवराची होती, खाडीच्या चिखलात उगवतं त्या तिवराची. काळपट, वाकडी, बोटाएवढी जाड. हेमाला केवढा अभिमान! आजी वारा बांधायची. होड्या अडकल्या की किनाऱ्यावर उभी राहून वारा ओढून आणायची.

बाईंनी तिचाही इतिहास सांगितला. कुणाच्या होड्या आणल्या, कुठलं वादळ वळवलं, कुणाशी भांडण झालं म्हणून त्याचं सुकट वाऱ्याने उडवून दिलं. बराच वेळ सांगत होत्या. हेमाचे डोळे भरून आले होते. बाई थांबल्या. आम्ही टोपलीकडे बघत बसलो.

काठी उभीच.

"राहिलं असेल काहीतरी," बाई म्हणाल्या आणि पुढची काठी घेतली. मला तेव्हाच विचित्र वाटलं. कारण कोंबडीसुद्धा न विसरणारी बाई ही. आणि दुसरं म्हणजे बाकीच्या काठ्यांना त्या मालकाच्या नावाने हाक मारायच्या, हिला नुसतं 'ती'. तिच्याकडे पाठ करून बसायच्या.

मग काठी वळायला लागली. हेमा जिथे बसेल तिकडे तिचं वरचं वाकडं टोक. आम्ही मुद्दाम बाक बदलून बघितले. तास सुरू असतानाच भाताचे दाणे कुरकुर वाजायचे आणि टोक सावकाश फिरून हेमावर येऊन थांबायचं. काही दिवसांनी हेमाची उजव्या हाताची बोटं थंड पडली. म्हणजे बर्फासारखी, भर उन्हाळ्यात. आणि तिने तो हात हलवला की वारा यायचा! अख्खा वर्ग घामाने निथळतोय, झाडाचं पान हलत नाहीये, आणि हिची ओढणी फडफडतेय.

"काठीशिवाय!" ती म्हणायची. "वर्षभर तुम्ही घोका इतिहास. मला आलं."

"जास्त शायनिंग नको मारूस," संदेश म्हणायचा.

"जळतोस तू!"

मीही जळत होते, सांगून टाकते. पण तिच्या शेजारी बसून मला दम लागायला लागला होता. जिना चढून आल्यासारखा. मला वाटलं सर्दी असेल.

मग तो दिवस. दुपारचा तास, पत्रा तापलेला. संदेश माझ्या जागेवर हेमाच्या शेजारी बसला होता. "घाल ना जरा वारा, मोठी आलीस," म्हणाला. हेमाने हसत हसत हात हलवला, चांगला दोन-तीनदा. मस्त गार झुळूक आली, सगळे "आहाहा" करतात तोवर संदेश बाकावरून खाली घसरला. ओठ निळे. छाती आत गेलेली, कागदी पिशवी चुरगळावी तशी. डोळे उघडे आणि श्वास नाही.

बाई धावल्या. त्यांनी संदेशला नाही, हेमाला धरलं. तिचा उजवा हात दोन्ही हातांनी दाबून स्वतःच्या पोटाशी ओढला. तेव्हा कुठे संदेशने मोठ्ठा श्वास घेतला, करवत ओढल्यासारखा आवाज झाला त्याचा. आणि बाई स्वतः धापा टाकत होत्या.

"वारा असाच येत नाही गो," त्या हेमाला म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "कुणाकडून तरी काढून घ्यावा लागतो."

"मी नाही केलं बाई. हात आपोआप..."

"माहितेय मला. ती शिरतेय तुझ्या हातात."

"जाळून टाका ना मग ती काठी!" कुणीतरी ओरडलं.

"जाळली तर हिच्या हातातून कधीच निघणार नाही." बाई टोपलीकडे बघत राहिल्या. पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे. मग मला म्हणाल्या, "वैशू, तू हिचा डावा हात धर. सोडायचा नाही. उद्या मोठी ओहोटी आहे. चिंचणीला जायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी निघालो. एसटीने डहाणू, तिथून रिक्षा. माझे पप्पाच रिक्षा चालवतात, त्यांनीच सोडलं. एरवी पप्पांची अखंड बडबड असते, त्या दिवशी वाणगावच्या फाट्यापर्यंत एक शब्द नाही. आरशातून बाईंच्या मांडीवरचं, काठी गुंडाळलेलं फडकं बघत होते. उतरताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "दम लागतोय गं गाडीत. तुला नाही लागत?"

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि समुद्र नव्हता. मोठ्या ओहोटीला आमच्याकडे पाणी इतकं आत जातं की नुसती ओली वाळू आणि चिखल, पार दूरवर एक चकाकती रेघ. मागे बोंबील वाळत घातलेले बांबू, पण बायका कुणी नाहीत. होड्या वाळूत कलंडलेल्या, त्यांच्यावरचे झेंडे मेल्यासारखे लटकलेले. वारा अजिबात नाही. इतकी शांतता की वाळूतल्या भोकांतून खेकडे बाहेर येताना ऐकू येत होतं.

बाईंनी चपला काढल्या. आम्ही त्यांच्या मागून बरंच आत चालत गेलो. एका जागी थांबून त्यांनी काठी फडक्यातून काढली आणि ओल्या वाळूत उभी खोचली. टोक लगेच हेमाकडे वळलं.

"इथेच उभी होती तुझी आजी," बाई म्हणाल्या. "आणि मी तिच्या बाजूला. तुझ्याएवढी होते मी, तिच्याकडेच शिकत होते. माझ्याकडेही काठी होती तेव्हा."

हेमाची बोटं पांढरी पडली होती. माझ्या छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटत होतं, पण मी तिचा डावा हात सोडला नाही.

"बाहेर दोन होड्या होत्या. शिडाच्या. एकीत तुझा आजोबा, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दुसरीत माझा भाऊ. आईबाप नव्हते आम्हाला, तोच होता मला. मागून वादळ येत होतं, काळं. दोघांच्याही शिडात वारा जेमतेम. तुझ्या आजीने काठी उचलली आणि तुझ्या आजोबाचं शीड भरलं. मी बघितलं कुठून भरलं ते. माझ्या भावाचं शीड असं खाली पडलं, लुगडं दोरीवरून पडावं तसं. तुझा आजोबा घरी आला. वादळाला ती दुसरी होडी जागेवरच मिळाली."

हेमाने काठीकडे बघितलं.

"त्या रात्रीपासून मी तुझ्या आजीच्या घरी जेवले. तिने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. मला वाढताना ती नेहमी खाली बघायची. मी माझी काठी त्याच दिवशी इथे टाकली आणि परत कधी हातात घेतली नाही. वर्गात सांगताना हे माझ्या तोंडाशी आलं होतं गो. पण तू समोर बसली होतीस, एवढी खूश होऊन."

"म्हणजे..." हेमा म्हणाली. "माझे आजोबा तुमच्या भावाच्या वाऱ्यावर परत आले. मग माझी आई झाली. मग मी."

"हो. पण त्यात तुझा काही दोष नाही. बघ माझ्याकडे. नाही."

आम्ही तिघींनी खाली बघितलं. काठी उभीच होती.

आता मला खरंच घाबरायला झालं. डोळ्यांसमोर ठिपके नाचत होते. बाई पण वाकल्या होत्या, गुडघ्यांवर हात ठेवून श्वास ओढत होत्या. "सगळं सांगितलं," त्या काठीला म्हणाल्या, "सगळं सांगितलं मी. आता काय पाहिजे तुला?"

आणि हेमा म्हणाली, अगदी हळू, "बाई, तुम्ही तुमच्या भावाचं नाव नाही घेतलंत."

बाईंनी तिच्याकडे असं बघितलं की मला वाटलं मारतात आता. मग तोंड समुद्राकडे केलं.

"गजानन," त्या म्हणाल्या.

काठी थोडी कलली आणि थांबली.

"तसं नाही बाई. घरी काय म्हणायचात?"

मग बाईंनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि होडी किनाऱ्याला लागताना हाका मारतात ना, तशी पूर्ण ताकदीने हाक मारली, त्या बाजारातल्या आवाजात.

"गजूऽऽऽ! ए गजूऽऽऽ!"

काठी आडवी पडली. थप्पकन, ओल्या वाळूत. हेमाची बोटं माझ्या हातात एकदम गरम झाली, आणि मी इतका मोठा श्वास घेतला की मला खोकलाच आला.

मी खोकत होते म्हणून आधी वाटलं की मला भास झाला. पण हेमाने पण ऐकलं. लांबून, त्या चकाकत्या रेघेच्याही पलीकडून, एका तरुण माणसाचा आवाज.

"ओऽऽऽ!"

अगदी साधा. कुणी घरातून हाक मारली की अंगणातून देतात तसा.

बाई हसल्या. त्यांनी वाकून काठी उचलली, पदर खोचला. "थांब रे," त्या ओरडल्या, "आले." आणि चालायला लागल्या.

"बाई! बाई, पाणी भरेल!" आम्ही दोघी ओरडत होतो. हेमा मागे धावली, मी तिला कमरेला मिठी मारून धरलं. ती मला चावली, तरी सोडलं नाही. बाईंनी मागे न बघता हात हलवला, वर्गात आम्हाला "जा, सुट्टी" म्हणताना हलवायच्या तसाच.

नंतर लोक आले, होड्या गेल्या, खूप शोधलं. काही मिळालं नाही. शाळेने मस्टरवर त्यांच्या नावापुढे काय लिहिलं ते मला माहीत नाही, कुणी विचारलंही नाही. हेमा हल्ली ठीक आहे. घरी सगळ्यांना तिने सगळं सांगितलं, आणि तिची आई जेवताना आधी गजूच्या नावाचं एक पान बाजूला वाढते.

पण फोटो विचारलात ना, तर माझ्याकडे हा एक आहे, फोनमध्ये नाही पण आहे. भर दुपार, पाणी नाही, वारा नुकताच सुटलाय. लांबवर चिखलात एक छोटीशी काटक बाई चाललीय. आजूबाजूला कुणी नाही. ती भराभर बोलतेय, हातवारे करून, आणि तिची मान डावीकडे वळलेली आहे आणि जरा वर, आपल्यापेक्षा उंच माणसाशी चालता चालता बोलताना वळते तशी.